तळाची रेघ

१२ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय खारू,

सप्रेम नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच बाजूला ठेवशील, या धास्तीने वरचा पत्ता लेकीकडून लिहून घेतलाय. आठ वर्षांची झाली ती. अक्षर उतरणीला लागल्यासारखं खाली घसरतं, पण पोस्टमनला लागेल.

पत्ता काकूंनी दिला. आधी पाच मिनिटं मला फैलावर घेतलं, मग पत्ता सांगितला, आणि वर म्हणाल्या, "घसा बसलाय तुझा, कोमट पाणी पी." तुझी आई ती तुझी आईच.

इकडे सगळे मजेत. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे 'स' म्हणताना शिट्टी वाजते आणि ती मुद्दाम 'स'चेच शब्द शोधून काढते. नवरा आहे तसाच आहे. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि घरभर चष्मा शोधत फिरायचं. काचसामान धुणारे आपले मामा अजून कामावर आहेत. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला आम्ही सगळ्यांनी भाषणं केली, हार घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे हजर! म्हणे, "घरात मला बशीसुद्धा विसळू देत नाहीत." बाईंनी त्यांना पुन्हा ठेवून घेतलं. बाई आता संस्थेच्या प्रमुख झाल्यात, पण अजून जिना चढूनच येतात आणि वर आल्यावर "मला धाप लागलेली नाही" असं न विचारता सांगतात.

तू पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत आहेस असं कळलं. तुझ्या हाताखालून पाणी तपासून जातं म्हणजे त्या गावाने खुशाल नळाला तोंड लावावं.

आता बातमी. किती वेळ पाल्हाळ लावू? खारू, तुझी रेघ खरी होती.

झालं असं. जानेवारीत प्रयोगशाळेतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये बर्फाचे इतके थर साचले की दार लागेना. फर्मान निघालं, ज्याने त्याने आपापले डबे ओळखून काढावेत, बेवारस डबे शुक्रवारी टाकून देणार. सगळ्यांनी आपापले काढले. मागच्या कोपऱ्यात एक डबा उरला. वरचं बर्फ नखाने खरवडलं तर खाली खार काढलेली, शेपटी झाकणाच्या कडेवरून मागे गेलेली. तू साठवतेस म्हणून आम्ही तुला खार म्हणायचो आणि तू रागावण्याऐवजी डब्यांवर खारी काढायला लागलीस. एक्क्याऐंशी नळ्या होत्या आत, प्रत्येकीवर तारीख, वेळ, आणि तुझं ते मुंगीएवढं अक्षर.

मी तो डबा टाकला नाही. का, ते आत्ता विचारू नकोस.

तुझे नमुने पुन्हा जेलवर चढवले, मोठे तुकडे वर अडकले, बारके तळाशी उतरले. मोठे आरएनए अगदी धारदार आले, कुठे पसरट डाग नाही. पाच वर्षांनी, खारू! सडलेले नमुने असे दिसत नाहीत. मग फक्त त्या तळच्या तुकड्याला शोधून चिकटेल एवढाच प्रोब बनवला आणि त्याची फिल्म धुतली. तळाशी एकच रेघ, पेन्सिलीने आखल्यासारखी. जंतू वाढवायच्या रसात त्यांची गर्दी जसजशी वाढते तसतशी ती दाट होत जाते. एकशे दहा अक्षरांचा, स्वतःचा स्वतंत्र, छोटासा आरएनए. मोठ्या संदेशाचा तुटलेला तुकडा नव्हेच. तू हेच म्हणत होतीस.

फिल्म हातात धरून मी तिथेच दोन उड्या मारल्या. मामा काचेची भांडी घेऊन चालले होते. म्हणाले, "एवढं नाचायला झालं काय?" मग त्यांना सांगितलं. आपला हा जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटतो तो चिकट धाग्यांनी. धागे बनवायचा निरोप आत लांबलचक आरएनएवर येतो. हा बारका आरएनए त्या निरोपाच्या सुरुवातीलाच जाऊन बिलगतो. जिथून वाचायला सुरुवात व्हायची तीच जागा झाकली गेली, की धागे बनतच नाहीत, आणि न वाचलेला निरोप जंतू स्वतःच कुरतडून टाकतो. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या घरी मी काही बोलायला तोंड उघडलं की हिचं 'राहू द्या' येतं, तसं." मी म्हटलं, अगदी तसंच मामा, आणि तेही एवढ्याशा शब्दात.

पुढे ऐक. जंतूला हा बारका आरएनए भरपूर बनवायला लावला आणि बशीत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर सोडला. धुतल्यावर चिकटून राहिलेले मोजले. साध्या जंतूचे प्लेटवर तीनशे बारा ठिपके. आणि या दुसऱ्याचे? नऊ. मेले नव्हते गं, धडधाकट होते, फक्त चिकटत नव्हते. सगळे पाण्याबरोबर वाहून गेले. यातून औषध निघायला अजून फार वाट चालायचीय, निघेल की नाही तेही माहीत नाही. पण नऊ! मी प्लेट चार वेळा मोजली. पाचव्यांदा बाईंनी मोजली.

एवढंच कळवायचं होतं. तुला आनंद होईल असं वाटलं. जुन्या गोष्टी आता जुन्या झाल्या. त्या वेळी सगळ्यांकडूनच थोडं इकडचं तिकडे झालं. तू आलीस तर तुझी रेघ तुला दाखवीन.

काकूंना सांग, कोमट पाणी पिते आहे.

तुझी मैत्रीण
(अजून म्हणू ना?)


२६ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय खारू,

तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ. "सगळ्यांकडून म्हणजे कोणाकोणाकडून?"

मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि हसले. तुझा स्वभाव जराही बदललेला नाही, याचा आनंद आधी झाला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा बसले.

सगळ्यांकडून नाही. माझ्याकडून.

आता जसं झालं तसं लिहिते. मध्ये मध्ये मखलाशी आली तर तूच त्यावर काट मार.

तेव्हा मी धाग्यांना लगाम घालणारं प्रथिन शोधलं होतं. निदान मला तसं वाटत होतं. त्याचं जनुक कापून टाकलं तर जंतूचे धागे सुटतच राहिले, नळीच्या तळाशी दह्यासारख्या गठळ्या. म्हणजे लगाम हाच! मी हवेत होते. तू म्हणालीस, "थांब. तेच प्रथिन परत दे, गठळ्या जातात का बघू." मी कंटाळा केला, म्हणून तू स्वतः केलंस. गठळ्या गेल्या नाहीत. मग तू फिल्म माझ्यासमोर धरून म्हणालीस, "जनुक कापताना ही तळाची रेघपण नाहीशी होते, पाहिलंस का? तू दोन गोष्टी कापल्या आहेस, एक नव्हे."

मला त्याच आठवड्यात लेख पाठवायचा होता. चित्रात ती रेघ दिसली असती तर तपासणाऱ्यांनी विचारलं असतं. मी चित्र खालून कापलं. दीड बोटभर. हे पहिलं.

दुसरं जास्त वाईट आहे. गटाच्या बैठकीत बाईंनी विचारलं होतं, "या निष्कर्षाच्या विरुद्ध कोणाकडे काही आहे का?" तू तुझी फिल्म पुढे केलीस. आणि मी म्हणाले, "तिचे नमुने सडलेत. बर्फात ठेवले नव्हते. तळाला दिसतोय तो कुजलेला भुगा आहे."

खारू, त्या दिवशी बर्फाची बादली मीच भरून आणली होती. तुझ्या नळ्या मीच त्यात खोचल्या होत्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ही सांगेल, "बर्फ हिनेच आणला." तू सांगितलं नाहीस. का, ते मला आजवर कळलेलं नाही. कदाचित तुला वाटलं असेल, मीच सांगेन. तू वाट पाहत होतीस, आणि मी माझ्या वहीत पाहत होते.

पुढचं तुला माहीतच आहे. 'हात स्वच्छ नाहीत' असा शेरा चिकटला आणि तुझी मुदत वाढली नाही. माझा लेख छापून आला, मला गट मिळाला, टेबलावर नावाची पाटी लागली. तू टेबल आवरलंस तेव्हा मी मुद्दाम ग्रंथालयात जाऊन बसले होते. तो डबा मी का टाकला नाही म्हणशील, तर आत काय आहे ते मला ठाऊक होतं म्हणून.

तुझं कार्ड आल्यावर दोन दिवस हा मजकूर मनात घोळवला. मग लक्षात आलं, तुला लिहिण्याआधी तो बाईंना सांगायला हवा, नाहीतर हीसुद्धा एक पळवाटच. शुक्रवारी सकाळी गेले. मूळ फिल्म, कापलेलं चित्र, तुझा डबा, सगळं टेबलावर मांडलं आणि सांगितलं. बाई म्हणाल्या, "प्रयोगात चुकली असतीस तर तुझ्या पाठीशी उभी राहिले असते. हे प्रयोगातलं चुकणं नाही."

मी म्हटलं, "नाही."

"पाच वर्षं हे घेऊन इथे कशी वावरलीस गं?"

त्यांनी लगेच जर्नलला पत्र लिहायला घेतलं. लेख मागे घ्यायचा. त्यात एक वाक्य त्यांनी स्वतःविषयी घातलं, "मूळ फिल्म मागून पाहणं हे तेव्हाची गटप्रमुख म्हणून माझं काम होतं, ते मी केलं नाही." मी म्हटलं, बाई, तुमचं नाव कशाला? त्या म्हणाल्या, "लेखावर आहे तर मागे घेण्यावरही राहील." तुला त्या वेगळं पत्र लिहिणार आहेत.

माझा गट काढून घेतला. पाटीही गेली. मी आता पुन्हा जुन्या टेबलावर आहे, खिडकीकडच्या, ज्याचा एक पाय आखूड आहे. नोकरी राहील की नाही ते समिती ठरवेल.

आणि आता तुला चीड येईल असं लिहिते. मला फार छान वाटतंय. शुक्रवारी बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरले आणि उभ्याउभ्या तीन बन खाल्ले. बेकरीवाली म्हणाली, "आज काही खास?" मी म्हटलं, "नोकरी जाईल कदाचित." तिने चौथा फुकट दिला.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, म्हणजे तो खरंच ऐकत होता. म्हणाला, "म्हणून तू त्या लेखाचा विषय निघाला की चहा टाकायला उठायचीस." मला वाटत होतं, कोणाच्या लक्षात येत नाही.

माफी मागते आहे. ती लिहायला सोपी आहे हे कळतंय, म्हणून एकदाच लिहिते.

माफ कर.

या खेपेला खाली 'मैत्रीण' लिहीत नाही. ते तू ठरव.

बर्फ आणणारी


१९ मार्च, मंगळवार

प्रिय खारू,

काल फोनवर सगळं बोलणं झालं, तरी लिहिते आहे. फोनवर तू हसत होतीस आणि मी नाक पुसत होते, त्यात निम्मं राहून गेलं.

आधी शनिवारचं सांगते, जे तुला दिसलं नाही ते. नऊ वाजता प्रयोगशाळेच्या दारात तू उभी, आणि ना पत्र ना निरोप. आधी मामांनी पाहिलं. ते आत धावत आले, म्हणाले, "ताई, खारूताई आल्यात, आणि घोटाळा झालाय!" मला वाटलं, तू भांडायला आलीस. घोटाळा असा होता, की तुझा पांढरा कोट मामांनी पाच वर्षं खिडक्या पुसायला वापरला होता. जपून ठेवलाय असं ते सगळ्यांना सांगत होते. तुला दिला तो त्यांनी नव्या मुलीच्या खुंटीवरून पळवलेला. म्हणून बाह्या आखूड होत्या.

तू माझ्याशी धड बोलली नाहीस. "पिपेट कुठे आहे", "हे कधी बनवलंस", "सरक". पण काय सांगू, 'सरक' ऐकून मला किती बरं वाटलं! परक्या माणसाला कोणी 'सरक' म्हणत नाही.

बाई तुला भेटायला वर आल्या. धाप लागलेली, पण या वेळी त्यांनी ती नाकारली नाही. तुम्ही दोघी दार लावून आत होतात तेव्हा मी आणि मामा कोरडी भांडी पुन्हा कोरडी करत होतो. काय बोललात ते विचारत नाही. बाहेर आलीस तेव्हा तुझे डोळे लाल होते आणि बाईंचेही, एवढं पाहिलं.

मग तू त्या चार नळ्या लावल्यास. एकीत साधा जंतू. एकीत मी कापाकापी केलेला. एकीत त्यालाच प्रथिन परत दिलेलं. आणि एकीत प्रथिन नाही, फक्त तो बारका आरएनए परत दिलेला. पाठ फिरवून नळ्यांवर क, ख, ग, घ लिहिलंस, कोणती कोणती त्याची यादी घडी करून पर्समध्ये टाकलीस आणि म्हणालीस, "उद्या दिसेल ते लिही. मला तुझ्यावर विश्वास नाही." मामा म्हणाले, "अगदी बरोबर!" त्यांना प्रयोग कळला होता की तुझा राग, देव जाणे. मला दोन्ही कळलं, आणि दोन्ही पटलं.

रविवारी सकाळी मी एकटीच गेले. नळ्या उचलण्याआधी वही उघडून तारीख घातली. मग एकेक उजेडात धरली. क एकसारखी गढूळ, कुठे गठळी नाही. ख मध्ये वर नितळ पाणी आणि तळाशी दही. ग पुन्हा गढूळ. घ मध्ये दही. दोन अशा, दोन तशा. मला वाटलं ते बरोबर असेल तर आकडा जुळत होता. पण कोणती कोणती ते तुझ्या पर्समध्ये! क आणि ग मध्ये प्रथिनवाली नळी निघाली असती तर सगळा डोलारा कोसळला असता, आणि मला ते तसंच लिहावं लागलं असतं. गंमत म्हणजे मला भीती वाटली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी नुसतं बघत होते. काय दिसायला हवं, याचा मनात काही हट्टच नव्हता. असं बघायला इतकं सुख असतं, हे मी विसरूनच गेले होते.

सोबत फोटो पाठवते आहे. चारही नळ्या, टोकापासून तळापर्यंत. नंतर आलेल्या मामांनी रॅक धरला होता, त्यांचा अंगठाही आलाय. तो राहू दे.

आणि कालचा तुझा फोन. "वाच," म्हणालीस. मी वाचलं. क गढूळ, ख गठळ्या, ग गढूळ, घ गठळ्या. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "खारू?" मग तू जी हसायला लागलीस! मागून काकू विचारत होत्या, "काय झालं गं? कोणाचं लग्न ठरलं का?" तू श्वास घेत म्हणालीस, "ग! ग म्हणजे बारका आरएनए. प्रथिनवाली घ. ग आणि क सारख्याच!" एकशे दहा अक्षरांनी सगळे धागे आवरले, आणि माझ्या त्या थोर प्रथिनाने काही म्हणजे काही केलं नाही. स्वतःचा शोध इतक्या आनंदाने बुडालेला पाहणारी मी पहिलीच असेन. मी फोन धरूनच संस्थेच्या जिन्यात बसून ओरडले. खालच्या मजल्यावरचा हिशेबनीस बाहेर येऊन बघून गेला.

समितीचं पत्रही आजच आलं. नोकरी राहिली. तीन वर्षं गट नाही, बढती नाही, आणि माझी प्रत्येक मूळ फिल्म दुसऱ्या कोणीतरी तपासून सही करायची. मला हे कमीच वाटलं. बाईंनी विचारलं, सही कोणाची हवी? मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती आपल्याकडे नोकरीला नाही." मी म्हटलं, "मग विचारा तिला." त्यांनी विचारलं हे मला माहीत आहे, आणि तू काय उत्तर दिलंस तेही. पाण्याचं काम तू सोडणार नाहीस. तिथे तुझ्या एका सहीवर पुऱ्या गावाचे नळ सुरू राहतात, ते इथल्या टेबलासाठी कशाला सोडायचं? शनिवारची येशील, तेवढं पुष्कळ आहे. नव्या लेखावर पहिलं नाव तुझं, हे बाईंनी माझ्यासमोर टाइप केलं. तुझं नाव पडद्यावर उमटलं तेव्हा मामा टाळ्या वाजवायला गेले, पण दोन्ही हातांत भांडी होती, म्हणून त्यांनी पाय आपटले.

फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "हे बघ, माफ-बिफ मी काही केलेलं नाही. शनिवारी येते." आणि मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं असेल, मला लागलं. तसं नाही. मला उत्तर सुचायला आजचा दिवस लागला, ते इथे लिहिते.

नको करूस. घाई तर मुळीच नको. जमलं तर कर, नाही जमलं तर तशीच ये. मला 'सरक' म्हण, माझ्या फिल्मा उजेडात धरून त्यातल्या चुका काढ, भांड. मी दार उघडं ठेवीन.

कोट नवा शिवायला टाकलाय. बाह्या तुझ्या मापाच्या.

पहिल्या नावाच्या खाली जिचं नाव येणार आहे, आणि तिथेच जी सुखात आहे,
ती मी